एका घराचा एक हात

शाळा उघडायची की नाही हे ठरवायला सभा होती आणि सभेला एका घरातून एकच माणूस यायचं होतं. साथीचे दिवस, शाळेचं अंगण लहान, खुर्च्या लांब लांब मांडायच्या. म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी घरोघर निरोप धाडला होता, एका घराचा एक माणूस आणि एका घराचा एक हात. या निरोपावरून इतर घरांत नवरा-बायकोची जुंपली. लॉन्ड्रीवाल्यांच्या घरात कुणी विषयसुद्धा काढला नाही. त्या घराचा हात म्हणजे आई, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

तिला सगळी गल्लीच आई म्हणायची. नवरा गेल्यावर तिनं एका इस्त्रीवर घर उभं केलं, मागच्या गल्लीत धुलाईघर घेतलं, यंत्रं आणली आणि दोन मुलगे, दोन सुना एका स्वयंपाकघरात नांदवल्या. शेजारणी आपापल्या सुनांची गाऱ्हाणी घेऊन यायच्या आणि जाता जाता विचारायच्या, "तुमच्याकडे भांडणं होतच नाहीत का हो?" त्यावर आईचं उत्तर ठरलेलं. "होतात की. पण आमची भांडी आमच्या ओट्यावर वाजतात. तुमच्यासारखी आम्ही ती गल्लीत घासायला आणत नाही."

सभेच्या दिवशी सकाळी ती मुंगीबरोबर चादरींच्या घड्या घालत होती. मुंगी ही धाकट्याची मुलगी. रांगायला लागल्यापासून काही ना काही उचलून इकडचं तिकडे न्यायची, म्हणून मुंगी. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहून कोपरे धरायचे, चादर ताणायची, झटकायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. शाळा बंद झाली तेव्हा मुंगीचे हात पुरत नव्हते. आता ती आजीच्या आधी कोपरा जुळवायची. कडेला कड, सुताचा फरक नाही.

इस्त्रीच्या खिडकीशी कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक ते बघून म्हणालं, "पोर कामाची निघाली हो आई. घरबसल्या मदत झाली तुम्हाला."

मुंगी फुलून गेली. आईनं मात्र गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवली.

तिलाही लोक असंच म्हणाले होते. दुसरीत होती ती. घरात धाकटा भाऊ झाला, तिच्या आईनं अंथरूण धरलं आणि बापानं मास्तरांना सांगितलं, थोडे दिवस पोरीला घरी ठेवतो. ती भांडी घासायला लागली, भावाला कडेवर घेऊन फिरायला लागली आणि येणारा-जाणारा म्हणायला लागला, पोर कामाची आहे. ते थोडे दिवस अजून संपलेले नव्हते. कुणी तिला मारून-मुटकून शाळेतून काढलं नव्हतं. कौतुक करकरून काढलं होतं. आजही ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचायची, आणि कुणी ते बोट पाहिलं तर त्याची खैर नसायची.

मुंगीची शाळा फोनवर चालायची. फोन एकच, तोही दुकानाचा. बाई गुणाकार सांगायला लागल्या की मध्येच कुणीतरी विचारायचं, "कोट झाला का?" मुंगी सांगायची, "संध्याकाळी मिळेल." ती परत वर्गात पोचेपर्यंत गुणाकार संपून भागाकारही गेलेला असायचा. पुढे पुढे तिनं परत जाणंच सोडलं. मागच्या आठवड्यात ती कपडे बांधायच्या रद्दीवरचं काहीतरी वाचत बसली होती. पूर्वी घडाघडा वाचणारी पोर, बोट ठेवून वाचत होती. आईनं ते बोट पाहिलं आणि त्या रात्री तिला जेवण गोड लागलं नाही.

हे एक पारडं. दुसऱ्या पारड्यात थोरला होता.

साथीच्या पहिल्या लाटेत थोरला दवाखान्यात गेला आणि निम्मा होऊन परत आला. जिना त्याला डोंगर झाला. बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर तो थांबायचा, श्वास गोळा करायचा, मग उरलेलं वाक्य पुरं करायचा. घरातले सगळे थांबायला शिकले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा ताप पुन्हा या घरात शिरला तर मला बोलावू नका, माझ्या हातात काही नसेल. तेव्हापासून थोरल्या सुनेनं उंबऱ्याशी साबणाच्या पाण्याची बादली ठेवली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे ती चोराकडे बघावं तशी बघायची.

आई सभेला निघाली तेव्हा थोरली दारात आडवी उभी राहिली.

"आई, हात वर करायचा नाही."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, सांगते. शाळा उघडली की मुंगी जाणार. मुंगी गेली की अख्ख्या वर्गाचा श्वास आपल्या घरात येणार. मग यांचं काय होईल?"

"तो माझ्या पोटचा आहे."

"म्हणूनच सांगते. तुम्हाला दोन आहेत. मला ना मूल ना बाळ, माझ्या पदरात एवढाच आहे."

आईनं धाकट्या सुनेकडे पाहिलं. ती शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती.

"तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मी काय म्हणणार ते मला माहीत आहे. तू काय म्हणतेस?"

"दादांपेक्षा शाळा मोठी नाही," धाकटी म्हणाली. पण त्याच बाहीवर तिनं इतका वेळ इस्त्री धरली की करपल्याचा वास सुटला.

शाळेच्या अंगणात खडूनं गोल काढले होते आणि गोलात एकेक खुर्ची. तोंडं बांधलेली, त्यामुळे माणसं डोळ्यांवरून ओळखायची. औषधांच्या दुकानाचा मालक पहिल्या गोलात होता, त्याच्या मागे साथीच्या वॉर्डात काम करणारी नर्स, कडेला कपडे शिवणारी बाई. मोठ्या बाई पायरीवर उभ्या होत्या.

औषधवाला सगळ्यांच्या आधी बोलला. "वर्ष गेलं तर काय बिघडतं? जीव राहिला तर पुढे शिकता येईल. पुस्तकं काही पळून जात नाहीत."

"तुमच्या पोराला शिकवायला घरी मास्तर येतो ना?" आईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"येतो. तोंड बांधून येतो, हात धुऊन येतो."

"मग तुमचं वर्ष गेलेलंच नाही. दुसऱ्याच्या उपासावर तुम्ही ढेकर देऊ नका."

मागं कुणीतरी हसलं. औषधवाल्याचे कान लाल झाले.

शिवणारी बाई उठली. ती कधी चारचौघांत बोलायची नाही. "मी कामावर जाताना पोरांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावते. साथ आत येत नाही, हे खरं. बाकी आत काय काय होतं ते मला विचारू नका. परवा मोठ्यानं धाकट्याला इतकं मारलं की त्याचा कान वाजतोय." एवढं बोलून ती खाली बसली आणि आपले हात बघत राहिली.

"कुलूप वाईट, मी नाही म्हणत नाही," नर्स म्हणाली. ती रात्रपाळी करून आली होती, डोळ्यांखाली मास्कचे वळ होते. "पण माझ्या वॉर्डात आजोबा गेले की नातवंडं मला विचारतात, माझ्यामुळे गेले का? त्यांना मी काय सांगू? तुम्ही सांगा, मी तेच सांगते."

सगळ्या माना आईकडे वळल्या. आई पायाखालच्या खडूच्या गोलाकडे बघत बसली.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "एक अट माझी आहे, ती मतावर नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे किंवा म्हातारं माणूस आहे, त्या घरचं मूल मी वर्गात घेणार नाही. मुलासाठी नाही, त्या माणसासाठी. मूल वेगळं राहत असेल तर घेईन. वेगळं छप्पर, वेगळी चूल. आधी मला अंदाज येऊ द्या. म्हातारी माणसं कुणाकुणाच्या घरात आहेत? हात वर करा."

हात वर झाले. आई मान वळवून बघायला लागली. बिचारे. याची आई आहे, बरोबर, तिला दिसत नाही. त्याचा सासरा आहे, तोही काठीवर.

"आई, तुमचा हात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे कुठं कोण म्हातारं? आजारी विचाराल तेव्हा करते ना."

 मग कुणाच्या तरी मास्कच्या आत हसू फुटलं आणि ते दाबायला तो खोकला, आणि खोकला म्हटल्यावर शेजारच्या दोन खुर्च्या मागं सरकल्या.

नर्स वळली. "आई," ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही."

आईनं हात वर केला. सावकाश, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. घरातल्या सगळ्यांनी थोरल्याचा श्वास मोजला होता. तिचा कुणी मोजला नव्हता, कारण तिनं कुणाला मोजू दिला नव्हता. म्हणजे आता थोरल्याला वेगळं ठेवून भागणार नव्हतं. मुंगी शाळेत गेली तर ती आजीपासूनही जाणार होती.

मग खरं मत झालं. बंद ठेवा म्हणणारे हात मोजले, उघडा म्हणणारे मोजले. मोठ्या बाईंनी पुन्हा मोजले. दोन्हीकडे सारखे.

"एका घरानं कुठंच हात केला नाही," त्या म्हणाल्या. सगळ्यांचे डोळे लॉन्ड्रीवाल्यांच्या खुर्चीकडे वळले.

आईला थोरली दारात आडवी उभी दिसली. रद्दीवरचं बोट दिसलं. शिवणारी बाई तिच्याकडे बघत नव्हती, आपले हातच बघत होती. तोंडानं सगळ्या गल्लीला पुरून उरणाऱ्या आईला एकच शब्द सुचला. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "उघडा."

ती घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. थोरली बादलीजवळ उभी होती, पण तिनं पाणी पुढे केलं नाही.

"हात वर केलात."

"केला."

"मला तोंडावर सांगून गेला असतात तर बरं झालं असतं."

"जाताना मलाच माहीत नव्हतं. तुला काय सांगू?"

आतून थोरल्याचा आवाज आला. "बरं केलंस आई. मुंगीला..." सगळे थांबले. "...पाठव."

"कुठून पाठव?" धाकटा उसळला. त्यानं अट ऐकली होती. "वेगळं छप्पर, वेगळी चूल. दादा या अवस्थेत असताना मी घर फोडू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"धुलाईघराच्या वर खोली आहे," आई म्हणाली. "साबणाची पोती खाली आणली की तिघं झोपाल. खिडकी आहे, नळ आहे."

"मी जाणार नाही."

"तुझ्या दादाला विचार."

"दादा जा म्हणणारच. म्हणूनच जाणार नाही."

धाकटी सून भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आणि नाव माझं होईल. सुनेनं चूल वेगळी मांडली म्हणतील. आयुष्यभर म्हणतील."

"माझ्यामुळे सगळं..." थोरला म्हणाला.

"तू गप्प बस. असल्या वाक्यांवर श्वास खर्च करू नकोस."

पुढचे दिवस घरात जिभेखाली काटा असावा तसे गेले. आईनं गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. धाकटा ऐकेना. धाकटी ऐकायला तयार होती, पण पाऊल उचलायला नाही. थोरलीला पाठवणीही नको होती आणि राहणंही नको होतं. ती मुंगीचं ताट रोज थोडं लांब सरकवायची आणि मग स्वतःच डोळे पुसायची. मुंगी तेवढी मजेत होती. शाळा उघडणार हे तिनं ऐकलं होतं, पण आजीच्या चादरी कोण करणार, असं ती सगळ्यांना सांगत होती.

ते ऐकलं आणि आईला कळलं, ही माणसं सांगून जाणारी नाहीत. यांना हाकलावं लागणार. आणि हाकलायचं तर गल्लीला ऐकू जाईल असं हाकलावं लागणार, म्हणजे नाव सुनेचं व्हायचं नाही, सासूचं होईल.

शाळा उघडायच्या आदल्या सकाळी, बायका दूध आणायला आणि पुरुष पाव आणायला गल्लीत उतरले तेव्हा, आईनं जिन्याचं दार सताड उघडलं आणि आवाज चढवला.

"ही भाजी आहे की धुण्याचं पाणी? इतकी वर्षं शिकवलं, अजून मिठाचा अंदाज नाही. माहेरून काय आणलंस, दोन पातेली आणि एक तोंड. पातेली कधीच फुटली, तोंड तेवढं राहिलं."

धाकटी हातातली पळी घेऊन बाहेर आली. तिला आधी वाटलं, सासूबाई दुसऱ्या कुणाला बोलतायत.

"आई, काय झालं?"

"काय झालं विचारते. सगळ्या गल्लीला माहीत आहे काय झालं. मनात शाळा आणि तोंडात दादा. असल्या दुतोंडी बाईच्या हातचं मला नको."

हे ठरवलेलं नव्हतं. मीठ ठरवलेलं होतं, पातेली ठरवलेली होती. हे आपोआप निघालं, आणि ते खरं होतं म्हणून लागलं. धाकटीच्या तोंडावरचा रंग उडाला. लग्न होऊन आल्यापासून ती सासूला कधी उलटून बोलली नव्हती. ती आज बोलली.

"दुतोंडी झाले ती तुमच्या भीतीनं झाले. या घरात दुसऱ्याचं तोंड चालतं कुठं? सगळ्यांचं मिळून एकच तोंड, ते तुमचं."

खाली दुधाची किटली कुणीतरी जमिनीवर टेकवली, तेवढाच आवाज झाला.  गल्लीसमोर आईला कुणी असं ऐकवलं नव्हतं. आणि सून खोटं बोलत नव्हती.

"मग तुझं तोंड उचल," ती शेवटी म्हणाली, "आणि मागच्या गल्लीत जा. आजच्या आज. माझ्या चुलीवर तुझं पातेलं चढणार नाही."

तिनं स्वतः शेगडी उचलून जिन्यात ठेवली. धाकटा धावत आला. "आई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"नीघ म्हटलं ना."

"दादा, बघ ही काय..."

आत थोरला उठून उभा राहायला बघत होता. थोरलीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. ती सासूकडे एकटक बघत होती, आणि घरात सगळ्यांत आधी तिलाच कळलं.

खालून शेजारीण म्हणाली, "अहो आई, असं काय करता? सोन्यासारखी सून."

"म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणा आणि दूध तापवायला जा," आई म्हणाली.

धाकटी शेगडी घ्यायला वाकली. वाकताना तिनं वर पाहिलं आणि सासूचे डोळे तिला दिसले. तोंड बांधलेल्या दिवसांत सगळे डोळे वाचायला शिकले होते. ती तशीच वाकून राहिली.

"आई," ती कुजबुजली, "मुंगीला सांगू?"

"सांगितलंस तर ती जायची नाही. आता जरा रड. लोक बघतायत."

ते सांगायची गरज नव्हती. धाकटी आधीच रडत होती.

पण मुंगी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, शेवटचं कुजबुजणं सोडून. ती आजीपुढे आली.

"आजी, मी चादरी करते ना. अजून करीन. सगळ्या मीच करीन. आम्हाला नको काढू."

गल्ली वर बघत होती. आईचा हात पुढे झाला होता तो तिनं पदराखाली घेतला.

"तुझ्या घड्या वाकड्या येतात," ती म्हणाली. "मला पुन्हा घालाव्या लागतात."

मुंगी रडली नाही. तिनं आजीकडे पाहिलं, मोठं माणूस बघतं तसं, आणि मग धाकटीच्या हातातली पळी घेऊन खाली उतरली. तिचा बाप शेवटी गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्याला बायकोनं पुढे खरं सांगितलं असेल नसेल, पण त्या दिवशी त्याला ते भांडण खोटं वाटलं नाही आणि गल्लीत कुणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई इस्त्रीच्या खिडकीत उभी राहिली. तोंड बांधून, आतल्या बाजूला. थोरली तिच्या मागं उभी होती. पोरं लांब लांब चालत येत होती, एकटी एकटी, दप्तरं अजून पाठीवर नीट बसलेली नव्हती. शिवणाऱ्या बाईचे दोघं गेले, धाकटा कानावर हात धरून. मग मुंगी आली. दोन वेण्या, पांढरा रुमाल तोंडाला. पलीकडच्या बाजूनं आली. खिडकीसमोर आली तेव्हा तिनं मान सरळ ठेवली, ताठ, आणि चालीचा वेगही बदलला नाही. कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

"मी जाऊन सांगते तिला," थोरली म्हणाली. "लांबून सांगीन. एवढी समज आहे तिला."

"सांगू नकोस. समजलं तर दुपारी शाळा सोडून इथं येऊन उभी राहील. मग तू तिला दारातून परत पाठवशील?"

 आत थोरला खोकला आणि दोघी श्वास रोखून थांबल्या. साधा खोकला होता. त्यांनी श्वास सोडला.

इतक्यात औषधवाला कोट घेऊन आला. त्यानं तो लांबूनच खिडकीच्या कट्ट्यावर टाकला. सभेतला ढेकर तो विसरलेला नव्हता.

"काय आई, धाकट्याला काढलंत म्हणे. एवढं एकीचं घर तुमचं."

"काढलं."

"आणि नात आत्ता समोरून गेली. तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही हो तिनं."

"रस्ता बघून चालते," आई म्हणाली. "कोट कधी हवाय?"